अमृतप्पाची टकटक आणि बांधावरची विहीर

मुडबीला अमृतप्पाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याची पाटी मीच रंगवली. चौथी शिकलेला आणि हात न थरथरणारा असा मी एकटाच त्याला सापडलो. मी विचारलं, "काय लिहू?" म्हणाला, "रेडिओ दुरुस्ती. इथं शहाणपण शिकवू नये." तसंच लिहिलं. काही वर्षांनी टीव्ही आले तेव्हा त्यानं खाली खडूनं वाढवलं, "टीव्ही आणू नये." मग आमची पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला जायला लागली आणि येताना शंभर-दीडशेचे चायना रेडिओ आणायला लागली. तेव्हा तिसरी ओळ आली, "चायना आणल्यास फेकण्यात येईल." आणि फेकायचा हो! पोलीस पाटलाच्या जावयाचा फेकलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. थेट समोरच्या गटारात.

माणूस कडू. पण असा कडू माणूस मला आयुष्यात दुसरा मिळाला नाही, म्हणून लिहितोय.

त्याला एकच गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे खरखर. हैदराबादला कोठी बाजारात एका मियाँच्या दुकानात सहा वर्षं काढून तो शिकून आला होता. त्या उस्तादानं सहा महिने त्याला पान्याला हात लावू दिला नव्हता. नुसतं कान देऊन बसायचं, आणि कुठल्या सेटमध्ये काय दुखतंय ते सांगायचं. चुकलं की टाळूवर टपली. त्या टपल्यांनी अमृतप्पाचा कान असा झाला की चार घरं सोडून कुणाचा काटा स्टेशनपासून केसभर सरकलेला असला तरी हा जेवणावरून उठायचा. त्याची बायको चंद्रभागाबाई म्हणायची, "भावजी, मी आजारी पडले तर ह्यांना कळत न्हाई. रेडिओ खोकला तर कळतंय."

एकदा भालकीला लग्नाला गेलो होतो. मंगलाष्टका चालू, आणि लाऊडस्पीकर भुंग्यासारखा गुणगुणतोय. पाचशे माणसांत कुणाला काही नाही. हा उठला, मांडवाच्या खांबावर चढला आणि वायर उपटून खाली आला. वरबाप अंगावर धावून आला, तर त्यालाच म्हणतो, "आता ऐका, भटजी काय म्हणायलेत ते. मघापासून तुमच्या पोराचं लग्न माशीसंगं लागायलं होतं." आम्हाला दोघांनाही जेवायला वाढलं नाही. भालकीच्या स्टँडवर मिरची भजी खाऊन परत आलो. मी हसत होतो, तो शिव्या देत होता. आमची दोस्ती अशी.

आता त्याचा वैरी सांगतो. महादेवप्पा. सख्खा चुलतभाऊ, दोन वर्षांनी मोठा. आमच्या सगळ्यांच्या आजोबांची मेंढरं होती. जमिनी नंतर आल्या, आणि जमिनींबरोबर भांडणं आली. ह्या दोघांच्या शेतांच्या मध्ये बांध, आणि बांधाला लागून एक जुनी दगडी विहीर. वाटणीतले हद्दीचे दगड कधीच नाहीसे झाले. महादेवप्पा म्हणायचा अमृतप्पानं उपटले, अमृतप्पा म्हणायचा महादेवप्पानं उपटून गोठ्याच्या पायात घातले. खरं खोटं आमच्या मल्लण्णा देवाला माहीत. पण त्या विहिरीवर अमृतप्पाची मोटर होती, आणि त्या मोटरीवर त्याचा दीड एकर ऊस. दुसरं पाणी नाही. विहीर गेली की ऊस गेला, इतकं सरळ होतं ते.

तीस वर्षं हे चाललं. महादेवप्पा ह्याचा पाईप कोयत्यानं तोडायचा. अमृतप्पा दुकानातला भोंगा त्याच्या ओसरीकडे तोंड करून ठेवायचा. मग महादेवप्पाची म्हैस उसात शिरायला लागली. रोज. म्हैस काही एकटी दोर सोडून येत नाही. तेव्हा अमृतप्पानं ओढ्याच्या बाजूला, म्हशीच्या वाटेवर झटक्याची तार ओढली. यंत्र स्वतः बनवलं. जुन्या टीव्हीतला ट्रान्सफॉर्मर काढला आणि म्हणाला, "टीव्हीचा आजवर झालेला हा एकच उपयोग." दर सेकंदाला एक झटका. जीव जाणार नाही, पण म्हैस पुन्हा येणार नाही. आणि त्यातही ह्याची करामत अशी की लाईन गेली तर यंत्र आपोआप बॅटरीवर जायचं. आमच्याकडे दिवसातून आठ तास लाईन नसायची. मला दाखवून म्हणाला, "लिंगाप्पा, गावाची लाईट जाईल. महादेवप्पाच्या म्हशीची जाणार न्हाई." असा खूष मी त्याला क्वचित पाहिला.

हे यंत्र ध्यानात ठेवा.

मग दोन हजार सातची गोष्ट. एका कालव्याच्या मोजणीसाठी कुठलीशी कंपनी आली होती. तिनं नौबादला एक उंच खांब उभा केला होता. तालुक्याच्या मोजणी ऑफिसानं त्यांचं उपग्रहाचं मशीन दोन दिवस मागून घेतलं, आणि आम्ही पंचांनी अर्ज करून ते आमच्या बांधावर आणायचं ठरवलं. पण आधी दोघांना मैलारच्या मल्लण्णाला नेलं. आमच्यात भंडारा उचलला की विषय संपतो. देवापुढची हळद मुठीत घेऊन बोललेलं फिरवत नाहीत. महादेवप्पानं उचलला, "मशीन बोलंल तिथं बांध. मागं फिरलो तर माझी धान्याची कोठी रिकामी." अमृतप्पानं उचलला, "मशीन बोलंल तिथं बांध." एवढंच बोलला. महादेवप्पा म्हणाला, "पुढचं कामून गिळलं? कोठी म्हण की." हा म्हणाला, "माझी कोठी आधीच रिकामी हाय. तुझ्या म्हशीनं खाल्ली." देवळातच जुंपली. पुजाऱ्यानं हाताला धरून बाहेर काढलं.

मोजणीच्या दिवशी सकाळी जीप आली. तिच्यातून गुलबर्ग्याची शिवकन्या मॅडम उतरली. पंचविशीची, डोक्याला ओढणी बांधलेली, पाठीवर मशीन. मशीनला वर एक पांढरी थाळी, आणि बाजूला काठीसारखी एक एरियल. महादेवप्पा मला म्हणाला, "ह्या पोरीच्या हातात आमची हद्द?" तिनं ऐकलं. म्हणाली, "अज्जा, हद्द मी ठरवत नाही. तुमच्या आजोबांनी काढलेली रेघ ह्यात घालून आणली आहे. मी फक्त तिच्यावर उभी राहून दाखवते." मला ती पोरगी तिथंच आवडली.

मी तिला विचारलं, हे चालतं कसं? तिनं फार बरं समजावलं. वर उपग्रह आहेत, ते आपण कुठं उभे आहोत ते सांगतात, पण बरोबर सांगत नाहीत. पाच-सात मीटर इकडे तिकडे. नौबादच्या खांबाची जागा मात्र इंच-इंच ठाऊक आहे. तेव्हा उपग्रहानं खांबाला त्याची जागा चुकीची सांगितली की खांबाला चूक कळते, आणि तो रेडिओवरून सगळ्यांना सांगत राहतो, आज एवढं खोटं बोलायलेत, एवढं वजा करा. ते ऐकायला ही काठीची एरियल आणि हा रिसीव्हर. खांबाचं बोलणं पोचलं की हिरवा दिवा. नाही तर तांबडा.

तांबडा होता.

नऊ वाजल्यापासून तांबडा. मध्येच पिवळा व्हायचा, सगळे पुढं सरकायचे, की पुन्हा तांबडा. मॅडमनं मशीन बंद केलं, चालू केलं, बांधावर फिरवलं, टेकाडावर नेलं. अकरा वाजले. जीपवाला घाई करायला लागला. आमच्यातला एक पंच म्हणाला, "खांबाचं न ऐकता मशीन काय म्हणतंय ते तरी बघा." तिनं विहिरीच्या काठावर उभं राहून बघितलं. विहीर अमृतप्पाच्या हद्दीत. चार मीटर आत!

मी अमृतप्पाकडं बघितलं. तीस वर्षांचं भांडण संपलं होतं, ऊस वाचला होता. मी त्याच्या कानाला लागलो, "मल्लण्णा पावला. आता तोंड उघडू नको."

तेवढ्यात महादेवप्पानं फेटा काढून जमिनीवर आपटला. "ह्या रेडिओवाल्यानं केलंय! मशीनला कायतरी केलंय ह्यानं. सकाळपासून दिवा तांबडा कामून हाय? ह्याच्या दुकानातल्या खटपटी म्या बघत न्हाई व्हय? चोर हाय, चोर!"

अमृतप्पा चोर म्हटल्यावर भडकेल असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो तांबड्या दिव्याकडं बघत होता. मग मॅडमजवळ गेला आणि दरडावून विचारलं, "ह्याला ऐकू काय येतंय?"

"सिग्नल येतोय, अज्जा. आकडा चांगला दाखवतोय. पण बोलणं पुरं होत नाही. एक शब्द आला की दुसरा तुटतो. तुटला की मशीन अख्खं वाक्य टाकून देतं आणि पहिल्यापासून ऐकतं."

"काटा कोण लावतंय?"

"आपोआप शोधतंय."

"आपोआप!" अमृतप्पा पिसाळलाच. "आपोआप म्हंजे जो जोरात वरडंल त्याच्याकडं पळायचं. हातानं लाव. खांबाचा आकडा ठाव हाय ना? बोलायचा वेग ठाव हाय ना? मग तेवढंच ऐक म्हणावं, बाकी जग मेलं. आणि ह्या एरियलचं अर्थिंग कुठाय?"

"अर्थिंग लागत नाही त्याला."

"काठीच्या एरियलला जमीन लागत न्हाई? कुणी शिकवलं तुला? फेकून दे त्याला गटारात."

मॅडमही आता तापली. "अज्जा, मी चार वर्षं शिकलेय हे."

"मी सहा वर्षं टपल्या खाल्ल्यात."

पंच म्हणाले, अमृतप्पा, तुझ्या बाजूनं लागलंय, कशाला उकरतोस? तेव्हा तो सगळ्यांच्या अंगावर आला, "मशीन बोलंल तिथं बांध म्हणून भंडारा उचललाय. मशीन कुठं बोललं? मशीन तोतरं बोलायलंय! स्टेशन लागलं न्हाई आणि तुम्ही बातम्या सांगायलाव?"

त्यानं गोठ्यातून लोखंडी पहार आणवली, बांधाशेजारी ठोकली, तिच्यापासून एरियलपर्यंत तार जोडली. कोरड्या मातीत ती काही कामाची नव्हती, म्हणून चंद्रभागाबाईला घागर आणायला लावली. तिनं कुठलं पाणी आणावं? त्याच विहिरीचं. दोन घागरी पहारीच्या बुडाशी ओतल्या. मॅडमनं ओठ दाबून खांबाचा आकडा हातानं लावला. सिग्नलचा आकडा झटक्यात वर गेला. तिनं अमृतप्पाकडं जरा निराळ्या नजरेनं बघितलं. पण दिवा पिवळा, आणि पुन्हा तांबडा.

"आता सिग्नल मोठा, तरी शब्द तुटतोय," ती म्हणाली. "जवळच काहीतरी आहे. ठोके मारतंय."

अमृतप्पा दुकानाकडं गेला आणि आपला ट्रान्झिस्टर घेऊन आला. काटा डावीकडं शेवटपर्यंत सरकवला, जिथं कुठलंच स्टेशन नाही, आणि आवाज पुरता वाढवला. खरखर. मग त्यानं तो सेट दोन्ही हातांत आडवा धरला आणि स्वतःभोवती हळूहळू फिरला. हे त्याच्या उस्तादाचं. सेटमध्ये एक काळी कांडी असते. तिचं टोक आवाजाच्या घराकडं वळलं की आवाज बारीक होतो. जिथं आवाज मरतो, त्या दिशेला चोर.

आवाज मेला तो ओढ्याकडं, महादेवप्पाच्या बोअरच्या मोटरीच्या दिशेला.

"ह्यो बघा!" अमृतप्पा असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. "ह्याच्या स्टार्टरची ठिणगी! चोर म्हणतोय मला! बंद कर!"

"माझी मोटर बंदच हाय. लाईन अकरालाच गेली, आंधळ्या!"

खरंच. लाईन गेलेली होती. गावात एक दिवा जळत नव्हता, गिरणी बंद, मोटरी बंद. आणि ट्रान्झिस्टर ठोके देतच होता. अमृतप्पाचा चेहरा उतरत गेला तो मी बघितला. तो सेट कानाशी घेऊन मोटरीवरून पुढं चालायला लागला, मी मागं. बाकीचे बांधावरच भांडत राहिले. आवाज वाढत गेला आणि खरखरीखालून तो ठोका स्वच्छ ऐकू यायला लागला.

टक. टक. टक. दर सेकंदाला एक.

ओढ्याकडच्या पत्र्याच्या खोपटापाशी आम्ही थांबलो. चंद्रभागाबाईला त्यानं सकाळीच सांगितलं होतं, माणसं येणार आहेत, झटक्याच्या तारेचा प्लग काढ. तिनं काढला होता. खाली लोंबत होता तो. आणि प्लग काढल्याबरोबर त्या यंत्राला वाटलं, लाईन गेली. ते इमानदारीनं बॅटरीवर गेलं होतं आणि सकाळपासून म्हशीची वाट बघत ठोके देत होतं. तिकडं मशीनचा दर सेकंदाला एक शब्द तुटत होता.

मी म्हणालो, "अमृतप्पा, इथं आपण दोघंच हाव. चल परत. सापडलं न्हाई म्हण."

त्यानं लोंबता प्लग उचलून बघितला. मी पुढं म्हणालो,

"ऊस बघ तुझा. आणि ही तार आता काढलीस, तर तो चोर म्हणला ते खरं होतंय. गाव काय म्हणंल?"

"गप."

"मल्लण्णानं दिलंय तर घे की."

"गप म्हणलं ना लिंगाप्पा! ऐकू दे." आणि तो उभा राहून आपल्याच हातच्या यंत्राची टकटक ऐकत राहिला, तोंड असं करून, जणू दाताखाली खडा आलाय. मग त्यानं वाकून बॅटरीची तार उपटली. ट्रान्झिस्टर साफ झाला.

बांधावरून मॅडमचा आवाज आला, "हिरवा! अज्जा, हिरवा!"

आम्ही परत आलो तेव्हा उपटलेली तार अमृतप्पाच्या हातातच होती. टाकून यायचं मला सुचलं नाही, त्याला सुचलं असतं तरी त्यानं टाकली नसती. महादेवप्पानं तार बघितली आणि नाचायला लागला. "बघा! बघा! म्या म्हणलं न्हवतं? ह्याचीच करंटची तार! मुद्दाम चालू ठेवली! धरला का न्हाई चोर?" आणि त्या दिवशी गावानं महादेवप्पाचंच खरं मानलं. आजही मानतंय. मी कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत. म्हणतात, लिंगाप्पा आजोबा गोष्टी रंगवतात.

मॅडम हिरव्या दिव्यासकट विहिरीकडं गेली. थांबली. दोनदा बघितलं, पाच मिनिटं उभी राहून तिसऱ्यांदा बघितलं. मग अमृतप्पाकडं न बघता म्हणाली, "विहीर महादेवप्पांच्या हद्दीत आहे. अडीच मीटर."

खुंट्या ठोकल्या. पंचांनी सह्या केल्या. अमृतप्पानं सही केली ती इतकी जोरात की कागद फाटला. जाताना मॅडम त्याच्या पाया पडायला वाकली, तर हा म्हणतो, "पाया नको पडू. पहार घिऊन फिरत जा."

जीप गेली. अमृतप्पा आपल्या मोटरीचे बोल्ट सोडायला विहिरीत उतरला. मी वर दोर धरून. तेवढ्यात महादेवप्पा काठावर येऊन उभा राहिला. मला वाटलं आता हा वरून दगड घालतो. तो खाली वाकला. मग म्हणाला, "अमरत्या, दिवा तांबडाच राहिला असता तर विहीर तुझी होती. कामून काढलीस तार?"

खालून आवाज आला, "खरखर ऐकवत न्हाई मला. तुझं तोंड ऐकवत न्हाई, तसंच."

"पाणी लागलं तर…"

"तुझ्या पाण्यात म्हैस धू."

महादेवप्पा थुंकला आणि गेला. दुसऱ्या दिवशी विहिरीभोवती बाभळीच्या काट्या पडल्या.

ऊस वाळला. अमृतप्पानं तिथं तूर पेरली, आणि रोज संध्याकाळी मला शिव्या, "तू मला त्या दिवशी धरून कामून ठेवलं न्हाईस? दोस्त म्हणवतोस." मी आपला हसायचो. ह्याला धरून ठेवणारा अजून जन्मायचा होता!

मात्र वैर सोडेल तर तो अमृतप्पा कसला? त्यानं झटक्याची तार काढून नव्या हद्दीवर ओढली, खुंटीला खुंटी लावून, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. आता ती महादेवप्पाच्या ओसरीच्या अगदी समोरून जायची. त्या संध्याकाळी महादेवप्पानं गुलबर्ग्याच्या बातम्या लावल्या आणि बातम्यांत टकटक सुरू झाली. पाऊस टक, तूर टक, मंत्री टक. त्यानं रेडिओ आपटला, सेल बदलले, शेवटी बांधावर येऊन आईबहिणीवर गेला. अमृतप्पा ओसरीवर बसून गूळ खात होता. मला म्हणाला, "ऐक. जल्मभर ऐकंल आता."

आठ दिवस चाललं. पण आवाज बांध ओलांडून इकडेही येत होता हो, आणि महादेवप्पा हट्टानं रेडिओ मोठा लावायचा. तिसऱ्या दिवशी अमृतप्पा जेवताना चुळबुळ करायला लागला. पाचव्या दिवशी कानात कापूस घातला. सातव्या दिवशी चंद्रभागाबाई मला म्हणाली, "भावजी, हे झोपंना झालेत. उठून बसतात आणि मोजतात."

नवव्या दिवशी मी गेलो तर तो यंत्र उघडून बसलेला. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक कंडेन्सर जोडत होता. संध्याकाळी तार चालू होती, तारेला हात लावला तर झटका बसत होता, आणि पलीकडून बातम्या येत होत्या, निवळशंख. एक टक नाही.

महादेवप्पा ओसरीवरून गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "थकला! रेडिओवाला थकला!"

अमृतप्पा उठून उभा राहिला. मी म्हटलं आता काहीतरी भयंकर बोलणार. त्यानं थोडा वेळ कान दिला आणि बांधापलीकडं ओरडून म्हणाला,

"काटा जरा उजवीकडं घे, गाढवा!"